बावरलेल्या मनाशी गप्पा

दोस्तांनो, 'सैराट' म्हटलं की आधी पाय हलतात, हो ना? वरातीत 'झिंगाट' लागलं की आमच्या कोल्हापुरात आजोबासुद्धा खुर्चीत बसल्या बसल्या ठेका धरतात. पण मला त्याच सिनेमातलं 'आताच बया का बावरलं' जास्त आवडतं. अजय-अतुल यांचं हे गाणं श्रेया घोषालनं गायलंय.

आर्ची केवढी धीट! बुलेट काय चालवते, ट्रॅक्टर काय चालवते. आणि तीच पोरगी या गाण्यात स्वतःच्या मनाला विचारत बसते, की बाबा रे, आत्ताच तुला झालंय तरी काय? २०१६ साली आलेल्या या सिनेमाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला वाद्यवृंद बसवला होता. रान करमाळ्याचं आणि व्हायोलिनं अमेरिकेची! बरोबरच आहे. पहिल्यांदा छातीत धडधडतं, तेव्हा आवाज एवढा मोठाच वाटतो.

माझी मामेबहीण दहावीत आहे. एका मुलाशी ओळख होऊन जेमतेम तीन आठवडे झाले, तर रात्री बारापर्यंत मेसेज. आणि एके दिवशी त्याचं उत्तरच आलं नाही. झालं! रंकाळ्यावर फिरताना तिचं एकच पालुपद, "ताई, दोन निळ्या खुणा दिसत्यात, मग बोलत का नाही? माझं काय चुकलं?"

मी म्हटलं, "अगं, रंकाळ्याला कितीही चकरा मार, निघालीस तिथंच येशील. तुझा विचारही तसाच फिरतोय."

ती हसली, पण डोळे भरलेले होते. मग मी तिला एक गंमत सांगितली. तुम्हीही आठवून बघा. 'सैराट'मधली चारही गाणी मध्यंतराआधी संपतात. आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला पोचतात, तिथून पुढे एकही गाणं नाही. तिथं झोपडपट्टीतली खोली आहे, न कळणारी भाषा आहे, कामाचा शीण आहे, भांडण आहे, संशयसुद्धा आहे. आणि घरच्यांचा राग त्यांना शेवटपर्यंत सोडत नाही.

म्हणजे प्रेमात विचार करू नये असं मुळीच नाही बरं का! विचार दोन तऱ्हेचे असतात. 'तो माझ्याबद्दल काय म्हणत असेल?' हा नुसता गोल फिरतो, कारण त्याचं उत्तर आपल्याकडे नसतंच. 'त्याच्याशी बोलताना मला मोकळं वाटतं का? मी नाही म्हटलं तर तो ऐकतो का? घाई नक्की कुणाला आहे?' हे प्रश्न मात्र सरळ वाटेनं पुढे नेतात. त्यांची उत्तरं आपल्यापाशीच असतात, आणि नाहीच सापडली तर आई, ताई, आवडत्या बाई आहेतच की.

पूर्वी एका पत्राच्या उत्तराला आठवडा लागायचा. विचाराला वेळ पोस्टमनच द्यायचा. आता तो आपला आपणच काढायला हवा.

तेव्हा मन बावरलं, तर बावरू द्या. त्याला रागावू नका. फक्त त्याला विचारायचे प्रश्न तेवढे नीट निवडा. काय, पटतंय का?