वेगाची हौस आणि माझी वही

मैत्रिणींनो, घरात फ्रिज घ्यायचा ठरला की सगळे आपल्याला विचारतात. मोटार घ्यायची म्हटली की मात्र आपल्याला चहा टाकायला सांगतात. त्यातून ती मोटार वेगानं पळणारी, आणि वर जुनी घ्यायची असली तर मग बघायलाच नको! बैठकीत पुरुषमंडळी अश्वशक्तीवर बोलत बसतात. पैसे मात्र घरातल्या सगळ्यांचे जाणार असतात.

आमच्याकडे गेल्या वर्षी हा विषय निघाला. ह्यांची नोकरी लातूरला, आम्ही राहतो औश्याला. रोजचे जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. जुनी गाडी थकली होती, हे खरं. पण ह्यांना नुसती गाडी नको होती. कॉलेजात असल्यापासून मनात होती ती पळणारी गाडी हवी होती. नवी तशी गाडी आपल्या आवाक्याबाहेरची, म्हणून वापरलेली. सासूबाई म्हणाल्या, "आता पोरगी नववीत गेली, अन् ह्याला शर्यती सुचतात!" मी मात्र हसले नाही. पैठणीसाठी आपण पाच-पाच वर्षं भिशी भरतो, तेव्हा कुणी हसलं तर आपल्याला कसं वाटेल? हौस खोटी नसते. ती रोजच्या संसारात बसते की नाही, एवढंच बघायचं. तेव्हा मी एक शाळेची वही घेतली आणि ह्यांना म्हटलं, "बघू या, पण तिघं जाऊन बघू. तुम्ही, मी आणि मेकॅनिक."

पळणाऱ्या गाड्या परदेशातच होतात असं समजू नका. आपल्या महाराष्ट्रातच त्या बनत आल्या आहेत. चाकणला फोक्सवॅगनची पोलो २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत तयार होत होती, आणि तिची 'जीटी टीएसआय' ही जलद आवृत्ती २०१३ मध्ये आली. रांजणगावला फियाटनं २०१५ मध्ये 'अबार्थ पुंटो' काढली. दिसायला घरगुती, पण १४५ अश्वशक्तीची आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. औरंगाबादजवळच्या (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यातून स्कोडाच्या ऑक्टाव्हिया निघत. तिची 'आरएस' ही २३० अश्वशक्तीची आवृत्ती २०१७ मध्ये आली, ती आमच्या हिशेबाच्या पलीकडची. ह्यांनी तिचा फोटो तेवढा मोबाइलवर ठेवला आहे, ठेवू द्या.

आधी पाहिली अबार्थ. पुण्याला, एका हौशी मुलाकडे. खरं सांगते, मलाही ती आवडली. पण फियाटनं २०१९ मध्ये भारतातली मोटारविक्री थांबवली. सुटे भाग मिळतात, तरी वाट पाहावी लागते, आणि ज्या गाडीनं रोज कामावर जायचं ती भागासाठी महिनाभर उभी राहिली तर ह्यांनी एसटीनं जायचं का? शिवाय ती साध्या पुंटोपेक्षा जमिनीला जास्त टेकलेली. आमच्याकडे प्रत्येक वस्तीपुढे स्पीडब्रेकर, आणि तेही ज्याच्या मनाला येईल तसे उंच. मी वहीत लिहिलं, 'हौसेला उत्तम, रोजला नाही.'

दुसरी होती २०१४ ची पोलो जीटी. इथे आमच्या मेकॅनिकनं जे समजावलं ते तुम्हालाही सांगते. ह्या गाडीचा गिअरबॉक्स स्वयंचलित, सात गिअरचा, आत दोन क्लच. ते क्लच कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर मजा, पण गर्दीत इंचाइंचानं पुढे सरकताना ते तापतात. ह्या जातीच्या गिअरबॉक्सबद्दल जगभर तक्रारी झाल्या. २०१३ मध्ये फोक्सवॅगनला चीनमध्ये पावणेचार लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. सगळेच बिघडतात असं नाही, पण बिघडला तर खर्च लाखांत जाऊ शकतो. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, तेल बदलायचं, ब्रेक करायचे तर मी आहे. हा गिअरबॉक्स उघडायचं यंत्र माझ्याकडं नाही." अशा गाडीला मेकॅनिकचं 'नाही' फार मोलाचं असतं, बरं का.

ती गाडी पाहायला गेलो तेव्हा मी पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला. गरम! आम्ही येण्याआधी इंजिन चालवून ठेवलं होतं. थंड इंजिन सुरू होताना जो आवाज आणि धूर निघतो तो आम्हाला दिसू नये म्हणून. मग मी मागच्या सीटचा पट्टा पूर्ण शेवटपर्यंत ओढला. तुम्हीही ओढा. वरचा भाग सगळे पुसतात, आतला कुणी धूत नाही. आत मातकट रेघ होती, आणि पायपुसणं उचललं तर खाली गंज. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या अशाच चकचकीत करून बाजारात येतात. विक्रेता म्हणाला, "ताई, धुताना पाणी गेलं असेल." मी काही बोलले नाही, वही मिटली. आडतीवर तुरीच्या पोत्याच्या तोंडाशी नाही, पोटात हात घालून दाणा बघतात, हे लातूरकडच्या बाईला कुणी शिकवायला नको.

तिसरी गाडी मात्र जमली. पोलोच, २०२० नंतरची, हजार सीसीचं टर्बो इंजिन, ११० अश्वशक्ती आणि हातानं टाकायचे सहा गिअर. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारी छोटी पाती; ती जास्त हवा आत लोटते, म्हणून लहान इंजिन मोठ्या इंजिनाचं काम करतं. आपला मिक्सर मिनिटाला वीसेक हजार फेरे घेतो, ही पाती लाखावर घेते! म्हणून तिला तेल वेळेवर आणि कंपनीनं सांगितलेल्याच प्रतीचं लागतं. सर्व्हिसच्या पावत्यांत प्रत्येक तेलबदलाची तारीख होती, किलोमीटरचे आकडे ओळीनं वाढत होते आणि पायाखालच्या पॅडलची झीजही त्या आकड्यांशी जुळत होती. आकडा कमी आणि पॅडल गुळगुळीत, असं दिसलं तर समजून जा.

आणखी एक खोच. अशा गाड्या घेणारी तरुण मुलं संगणकावरून इंजिनाची ताकद वाढवून घेतात; त्याला 'रीमॅप' म्हणतात. वाढलेल्या ताकदीचा ताण क्लच आणि गिअरबॉक्स सोसतात, आणि विम्याला कळवलेलं नसलं तर नुकसानभरपाईच्या वेळी वाद होतो. सरळ विचारा, आणि स्टेअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र लावून तपासून घ्या. टायरवरही चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुधाच्या पिशवीची तारीख बघता ना, तशी ती बघा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं, आणि वेगात ब्रेक लावताना तेच दगा देतं.

सासूबाईंची काळजी वेगाची होती, आणि ती मला पटत होती. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं एअरबॅग नसलेली पोलो आपटून पाहिली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी तिला शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या त्याच गाडीला चार. त्यानंतर कंपनीनं भारतात दोन एअरबॅग सगळ्याच पोलोंना बसवल्या. म्हणून त्याआधीची स्वस्त पोलो कुणी दाखवली तर नीट चौकशी करा. पण एअरबॅग उसाच्या ट्रॉलीपुढे किती पुरणार? दिवाळीनंतर आमच्या रस्त्यांवर रात्री एकामागे दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालतात, मागे ना दिवा, ना चमकपट्टी. ह्यांच्याकडून मी पैसे देण्याआधी कबूल करून घेतलं, अंधार पडल्यावर ऐंशीच्या वर जायचं नाही. हे आधी कुरकुरले, मग मुलीनं वहीत लिहिलं आणि ह्यांनी खाली सही केली. अजून तरी पाळतात.

किंमत सव्वासहा लाख. त्यात माझ्या तासिकांच्या मानधनातून साठलेले एक लाख दहा हजार होते. ते मी दिले, पण गाडी घेताना पन्नास हजार वेगळे ठेवायला लावले, टायर, बॅटरी आणि पहिल्या सर्व्हिससाठी. जुनी गाडी घेताना खिसा पूर्ण रिकामा करू नका. पेट्रोलचंही जरा बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं (आपल्याच उसाचं म्हणायचं!), आणि २०२३ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांत रबरी नळ्या अधूनमधून तपासून घेतलेल्या बऱ्या. आमचं ॲव्हरेज थोडं उतरलंच.

कागदपत्रांत मी फार वेळ घालवत नाही, पण एवढं पाहाच. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा दाखला. न भरलेली ई-चलनं. चेसिस नंबर गाडीवरचा आणि पुस्तकातला एकच आहे का. नावबदलीसाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही. तेव्हा हप्ता थोडा वाढतो, घाबरू नका. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथला ना-हरकत दाखलाही विचारून घ्या. पुण्याहून लातूरच्या एमएच २४ कडे येईपर्यंत आमचे दोन महिने गेले.

आणि दुसरी किल्ली मागून घ्या. बहुतेक पुरुष विसरतात. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि अशा गाडीची नवी किल्ली काही कोपऱ्यावरच्या दुकानात होत नाही. आमची दुसरी किल्ली माझ्या कपाटात, पोळपाटाच्या जुन्या पिशवीत आहे. रविवारी सकाळी मी तीच घेऊन निघते.