अजून न आलेल्या टर्बोसाठी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. इंजिनाशी आमचा संबंध काळेवाडीच्या घरासमोर उभ्या असलेल्या अब्बांच्या 407 पुरताच. तिच्यावर भोसरी-चाकण लोखंडी माल वाहूनच अब्बांनी आमच्या बी.एड.ची फी भरली. अब्बा गेले, गाडी धाकट्या भावाकडे आली आणि तिचा दम सुटला. भरल्या गाडीला चढ ओढवेना, सायलेन्सरमधून धूर मावेना.

भाऊ म्हणाला, "भाईजान, काम निकालेच है तो टर्बो भी बिठा डालेंगे."

पैसे आमच्याकडचे. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले. आम्ही गप्प राहिलो. भावाला ते कळलं आणि दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही.

शेवटी मिस्त्रीचाचांना बोलावलं. त्यांचा गाळा कुदळवाडीत होता. 2025 च्या फेब्रुवारीत तिथली गोदामं, गाळे पाडले गेले. तेव्हापासून चाचा पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. त्यांनी आधी कॉम्प्रेशन मोजलं. मग म्हणाले, "टर्बो म्हणजे काय, तर वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारं चाक. तेच चाक दुसऱ्या टोकाला जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा वाढली की जास्त डिझेल जळतं, ताकद वाढते आणि उष्णताही. म्हाताऱ्या रिंगांवर हा भार टाकाल तर पिस्टन जाईल. आज इंजिन तयार करा. टर्बो नंतर."

भावाचा चेहरा पडला. पण चाचांनी कामच असं मांडलं की तोही वाकून बघू लागला. ब्लॉक बोअर केला, पिस्टन-रिंगा नव्या घातल्या, हेडचं फेसिंग केलं, गॅस्केट चांगल्यातलं निवडलं. बेअरिंग आणि ऑइल पंप बदलला. रेडिएटर साफ केला. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं आणि ते तेलाच्या पातळ थरावर तरंगतं. त्याला तेल दाबाने मिळतं, पण परत मात्र ते आपल्या वजनानेच खाली उतरतं. म्हणून परतीची नळी रुंद आणि उतरती हवी, आणि ती चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. रिंगांतून गॅस गळून खाली दाब साठला तर तेल तुंबतं.

चेंबर खाली उतरलेलंच होतं. चाचांनी त्याला आत्ताच भोक पाडून आटे असलेली बुशी वेल्ड केली आणि बोल्ट लावून ती बंद केली. "इंजिन जोडल्यावर भोक पाडलं तर लोखंडाचा कीस तेलात जातो," ते म्हणाले. डिझेल पंपाला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. हवा वाढण्याआधी डिझेल वाढवलं तर नुसता काळा धूर निघतो.

आम्ही कायद्याचंही सांगितलं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीत लिहिलं आहे त्यापेक्षा वेगळा बदल मनाने करता येत नाही. आधी आरटीओत विचारायचं, कागद होत असेल तरच टर्बो. भाऊ म्हणाला, "और नहीं हुआ तो?" चाचा म्हणाले, "तो भी इंजिन तो अच्छा हुआ ना?"

त्या आठवड्यात आम्ही वर्गात गणित दिलं. 497 इंजिन: उस्तवाने चार, कुत्र 97 मिलिमीटर, पिस्टनची धाव 100 मिलिमीटर. एकूण हज्म काढा. निस्फ कुत्र 4.85 सेंटिमीटर, वर्ग करून पायने गुणलं, दहाने आणि चाराने गुणलं. उत्तर 2956 घनसेंटिमीटर. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील टेम्पो चालवतात, ओरडला, "सर, ये तो आरसी बुक पे लिखा रहता!" उस्तवाना म्हणजेच सिलिंडर, हे त्याला त्या दिवशी कळलं. दहावीनंतर हा मुलगा शिकेल की गाडीवर जाईल, आम्हाला माहीत नाही. त्याला येणारं गणित मात्र पक्कं करून ठेवणं आमच्या हातात आहे.

मुलीच्या पैशांतला निम्मा भाग खर्च झाला. भाऊ दर महिन्याला थोडे थोडे परत करतो. गाडी चढ ओढते, धूर कमी झाला आहे. टर्बो आलेला नाही. पण रोज सकाळी निघण्यापूर्वी भाऊ गाडीखाली वाकतो, त्या बोल्टवरून बोट फिरवतो आणि तेल गळत नाही ना, ते बघतो.