जोडीदार नसलेलं वजन

माझ्याकडे जिल्हा बॉक्सिंग स्पर्धेची चार सुवर्णपदकं आहेत आणि चारही मी वजनकाट्यावर उभं राहून मिळवली आहेत. सकाळी वजन द्यायचं, कागदावर सही करायची, दुपारपर्यंत केळी खायची आणि संध्याकाळी रेफरीनं हात वर धरला की रिंगमधून खाली उतरायचं. ८१ किलोच्या यादीत दुसरं नावच नसायचं. आई ती पदकं पाहुण्यांना दाखवायची आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचो. राज्य स्पर्धेत पहिल्यांदा समोर माणूस आला. दीड मिनिटात मी खाली बसलेला होतो आणि रेफरी माझ्या तोंडासमोर बोटं मोजत होता. मार लागला याचं इतकं नाही वाटलं. समोरचा परत मारतो, याचंच नवल वाटलं.

आमच्या भागातला माणूस मुळात हलका. १९८२ साली चंद्रपूरपासून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पण वडिलांच्या तोंडी शेवटपर्यंत दोन्हींसाठी एकच जुनं नाव होतं, चांदा. ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंतची ती सगळी पोरं चिवट, काटक, पळायला लावलं तर न थांबणारी. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आली, ती याच शरीरांच्या आणि याच फुप्फुसांच्या जोरावर. माझ्याकडे सकाळी बॉक्सिंग शिकायला येणाऱ्या पंचवीसेक मुलांत निम्मी पन्नास किलोच्या आतबाहेर. ताटात भात भरपूर, डाळ पातळ, अंडं आठवड्यातून एकदा. काटकपणाचं कौतुक करताना ही बाजू आपण सोयीनं विसरतो.

अशा ठिकाणी दोन-तीन वर्षांतून एखादा थोराड हाडाचा, लांब हातांचा पोरगा येतो. काट्यावर ७६, ७८ भरतो. त्याला बघून मला आनंद होतो आणि लगेच पोटात गोळा येतो. याला खेळवायचं कोणाशी?

त्याच्या गटाचं नाव लाइट हेवीवेट, आणि या नावातच भांडण आहे, हलकाही आणि जडही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये याची मर्यादा १७५ पौंड, म्हणजे ७९ किलो आणि वर थोडे ग्रॅम. हौशी गटात आमच्या वेळी ८१ होती, आता ८० आहे. एका ठोशात लढत संपवण्याइतकी ताकद इथं येते, पण पाय अजून हलके असतात, म्हणून समोरचा उभा राहून मार खात नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये कॅशियस क्लेनं, म्हणजे पुढच्या मोहम्मद अलीनं, सुवर्ण जिंकलं ते याच वजनात. हेवीवेटमध्ये गेल्यावरही तो ज्या पायांवर नाचत राहिला, ते पाय या गटातले. बिली कॉन हा दुसरा. १९४१ साली जो लुईसारख्या हेवीवेट विजेत्यासमोर हा जेमतेम लाइट हेवीवेट उभा राहिला आणि बाराव्या फेरीअखेर गुणांवर पुढे होता. तेराव्यात त्याला वाटलं, आता पाडूनच जिंकू. जवळ गेला आणि स्वतःच पडला. मी मुलांना ही गोष्ट सांगतो तेव्हा हलकी पोरं हसतात. ७८ किलोचा हसत नाही.

आमची व्यायामशाळा म्हणजे पत्र्याची शेड, दोन बॅगा आणि एक कडुनिंब. पहिली बॅग मी तांदळाच्या बारदान्यात रेती भरून केली होती. पंधरा दिवसांत रेती खाली बसून दगड झाली आणि दोघांची मनगटं सुजली. मग धानाचा कोंडा आणि चिंध्या भरल्या. कोंडाही बसतो, म्हणून दर रविवारी बॅग उतरवून, उलटी करून, बडवून पुन्हा टांगायची. पहाटे पळायला आम्ही शहरातल्या मैदानालाच चकरा मारतो. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला मोकळा रस्ता आहे, पण तिकडे अंधारात वाघ-बिबट्याचा वावर असतो आणि त्यांना वजनगट कळत नाहीत.

बॅगेवर ताकद येते, पॅडवर अचूकपणा येतो, पण टप्पा येतो तो माणसासमोरच. टप्पा म्हणजे समोरच्याची हनुवटी आणि आपली मूठ यांच्यातलं अंतर, जे दर क्षणाला बदलतं. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हे ते अंतर मोजायचं माप. उजवा ठोसा निघतो मागच्या पायाच्या टाचेतून, कमरेत वळतो, खांद्यातून सुटतो, आणि मुठीला कळायला हवं की पुढं नेमकं किती जायचं आहे. हे शिकायला रोज कुणीतरी समोर लागतो. माझ्या थोराड पोरांसमोर असायची साठ किलोची पोरं. ती चपळ असतात, शिकवून जातात. पण ८० किलोचा पूर्ण हात साठ किलोच्या डोक्यावर बसला तर काय होतं, हे मला माहीत आहे. म्हणून मी ओरडायचो, “हात राख, हात राख!” पोरगाही शहाणा. मित्राला कोण मारेल?

वीस वर्षं मी हे वाक्य ओरडलो. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

गडचिरोलीच्या दक्षिणेकडचा एक पोरगा माझ्याकडे सहा वर्षं होता. ७९ किलो, बोलायला लाजाळू. त्याची चांगली वर्षं नेमकी वाईट काळात आली. डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं भारतीय महासंघाला निलंबित केलं आणि टिकणारा नवा महासंघ उभा राहायला २०१६ उजाडलं. दिल्लीतल्या भांडणाचा चांद्याच्या पोराशी काय संबंध, असं वाटेल. पण वरची शिडी हलली की खालच्या पायरीवरचा आधी पडतो. राज्य स्पर्धा कधी होणार, झाली तर त्या प्रमाणपत्राला किंमत असणार का, हे त्याच्या बापाला सांगता सांगता मीच खोटा पडू लागलो. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा असतात. खेड्यातल्या बापाला बॉक्सिंग कळतं ते तेवढ्यापुरतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

२०१५ ला विजेंदर सिंग व्यावसायिक झाला आणि आपल्याकडेही लढती भरवणारे निघाले. एक दिवस मला फोन आला. नऊ दिवसांनी लढत, चार फेऱ्या, रेल्वेचं भाडं आणि वर मानधन. समोरचा सात खेळलेला, सातही जिंकलेला. मी विचारलं, आमचा पोरगा तुम्हाला सापडला कसा? पलीकडचा माणूस सरळ होता. म्हणाला, “त्या वजनात कुणी मिळतच नाही हो.”

व्यावसायिक कारकीर्द कशी घडते हे त्या एका वाक्यात होतं. तिथं स्पर्धेची चिठ्ठी निघत नाही, प्रत्येक लढत कुणीतरी जुळवतो. ज्याच्यावर पैसा लागलाय तो घरचा, दुसरा पाहुणा. घरच्याला चार फेऱ्यांवरून सहा, आठ, दहा आणि शेवटी किताबाच्या बारा फेऱ्यांपर्यंत जपून चढवतात. पाहुण्याला नऊ दिवस आधी फोन येतो. हौशी खेळात आज हरलात तर पुढच्या स्पर्धेत नाव देता येतं, इथं हार नावापुढं कायमची बसते.

या वजनातल्या मोठ्यांनाही वाट सोपी नव्हती. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत ८१ किलोत कांस्य घेणारा लाखा सिंग १९९८ साली लष्करी स्पर्धेसाठी अमेरिकेला गेला आणि संघाबरोबर परतला नाही. पुढं मायदेशी येऊन टॅक्सी चालवू लागला. गुरचरण सिंग २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व लढतीत शेवटच्या क्षणांपर्यंत पुढे होता. १२-१२ बरोबरी झाली, पंचांनी दाबलेली सगळी बटणं मोजली गेली आणि पदक हातचं गेलं. तोही लष्कर सोडून अमेरिकेत जाऊन व्यावसायिक झाला. आमच्या नागपूरची अल्फिया पठाण २०२१ ला ८१ किलोवरील गटात जागतिक युवा विजेती झाली, पण ऑलिंपिकमध्ये मुलींचा सगळ्यात वरचा गट ७५ किलोचा. तिच्या वजनाला तिथं दारच नाही.

त्या फोनवरच्या लढतीला मी नको म्हणालो. पोरगा म्हणाला, “सर, एकडाव कोनासंग तरी पुरा खेलू द्या जी.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो गेला.

मला सोबत जायला सुट्टी मिळाली नाही. नंतर मोबाइलवर लढत पाहिली. पहिल्या दोन फेऱ्यांत तो बरा होता, जॅब लागत होता. तिसऱ्या फेरीत समोरच्याचा डावा हात खाली आला आणि हनुवटी उघडी पडली, अर्धा सेकंदभर. आमच्या पोराचा उजवा निघाला. टाच वळली, कंबर वळली, सगळं बरोबर. आणि मूठ चार बोटं अलीकडे थांबली. दुसऱ्या कुणाला ते टप्पा चुकल्यासारखं वाटलं असेल. मी तो तुकडा कितीदा तरी मागं नेऊन पाहिला. तो हात चुकला नव्हता. त्यानं हात राखला होता, साठ किलोच्या मित्राच्या डोक्यासाठी राखतात तसा. चार फेऱ्यांनंतर तो गुणांवर हरला.

परत आल्यावर शेडच्या दाराशी उभा राहून म्हणाला, “हात गेलाच नाही जी, सर.” मी म्हणालो, तो मी थांबवला. त्याला ते कळलं की नाही, माहीत नाही. पुन्हा फोन आला तेव्हा त्यानंच नकार दिला. आता तो वनरक्षक आहे. दिवाळीत येतो, पोरांसाठी पॅड धरतो आणि मोठ्यांदा सांगतो की पूर्ण मार.

मी पद्धत बदलली आहे. ‘हात राख’ हे शब्द शेडमध्ये बंद. मोठ्या पोरानं हलक्या पोरांशी फक्त जॅब खेळायचा, उजवा हात पट्ट्याला बांधून. आणि उजवा पूर्ण सोडायचा तो माझ्यावर. पोटाला जाड संरक्षक पट्टा बांधून मी उभा राहतो. पंचावन्नाव्या वर्षी हे शहाणपणाचं नाही, असं बायको म्हणते आणि डॉक्टरही म्हणतात. दोन फेऱ्यांनंतर श्वास लागतो.

यंदा राजुऱ्याकडचा एक पोरगा आला आहे. अठरा पूर्ण, ७७ किलो, डावखुरा, हात गुडघ्यापर्यंत लांब. म्हणून हे लिहिलं. चंद्रपूर-गडचिरोलीत, पार सिरोंच्याकडेही, कुणाच्या ओळखीत पंचाहत्तर ते पंच्याऐंशी किलोचा, मार खायला आणि द्यायला तयार असलेला पोरगा असेल, तर त्याला आमच्याकडे पाठवा. सकाळी साडेपाचला शेड उघडी असते. राहायची सोय माझ्या घरी होईल, ग्लोव्हज आमच्याकडे आहेत.