मुळा-मुठेच्या काठाने

पुण्याला आपण जातो ते कामापुरते. मार्केट यार्डात माल उतरवायचा, दवाखान्यात कुणा आजाऱ्याला भेटायचे, मुलाच्या कॉलेजचे काम उरकायचे आणि संध्याकाळची एस.टी. धरायची. पण शेतकऱ्याच्या नजरेने हे शहर बघायचे असेल, तर एखादा दिवस मोकळा काढून नदीच्या काठाकाठाने जावे. खडकवासल्याला निघावे आणि थेऊरला थांबावे. वाट चाळीसेक किलोमीटरची आहे. पण एवढ्या वाटेत नदीचे जे होते, ते पाहिल्यावर आपल्या मातीची काळजी वाटू लागते.

खडकवासल्याचे धरण 1879 साली पुरे झाले. 1961 च्या जुलैत पानशेतबरोबर तेही फुटले, मग पुन्हा बांधले गेले. येथे मुठेचे पाणी नितळ दिसते. याच पाण्यावर पुणे जगते आणि उजव्या कालव्याने ते हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतांपर्यंतही जाते. पुढे नदी विठ्ठलवाडी, लकडी पूल, ओंकारेश्वर करीत शहरातून वाहते आणि संगमावर मुळेला मिळते. मुळेत त्याआधी दापोडीजवळ पवना मिसळलेली असते. ती पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारी भागातून आलेली असते. संगमापासून फार दूर नाही तेथेच शिवाजीनगरला 1907 सालचे शेतकी महाविद्यालय आहे.

संगमाच्या पुढे बंडगार्डन, मग मुंढवा. येथे नदीचा रंग पालटतो, वास येतो आणि पावसाळा सोडला तर पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला दिसतो. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी उचलून बेबी कालव्यात सोडतात आणि ते शेतीला देतात. शिवाय काठावरचे शेतकरी पंप टाकून थेट नदीतूनही पाणी घेतात.

मांजरीच्या पुढे एका मळ्यात पालकाची खुडणी चालली होती. एक मावशी जुड्या बांधीत बसल्या होत्या. मी पाण्याचा विषय काढला, तशा त्या म्हणाल्या, "साहेब, पाणी काळं असलं तरी पीक बघा की कसं जोमदार आलंय. खतसुद्धा कमी लागतं."

मावशींचे खोटे नव्हते. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते, पीक तरारून येते. मी म्हटले, "मावशी, जोम नत्राचा आहे. पण त्या पाण्यात दुसरेही काही असू शकते, ते डोळ्यांना दिसत नाही."

ते दुसरे म्हणजे जड धातू. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल. धातूला मुलामा देणारे छोटे कारखाने, जुन्या बॅटऱ्या, रंग, गॅरेजची धुणावळ अशा कितीतरी वाटांनी हे शहराच्या गटारात येतात. मैलापाणी शुद्ध करताना त्यांतले बरेचसे गाळात बसतात. म्हणून असा गाळ स्वस्तात मिळतो आहे असे पाहून शेतात पसरू नये. शेण कुजते, पाने कुजतात. शिसे कुजत नाही. दरसाल चिमूटभर आले तरी ते मातीत साठत राहते. पालक, मेथी, चाकवत अशा पालेभाज्या आणि मुळा-गाजरासारखी कंदपिके ते जास्त घेतात. मग ते बाजारात जाते, आणि आपल्याही ताटात येते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची बाधा लवकर होते आणि कॅडमियम मूत्रपिंडात घर करते.

यावर उपाय म्हणून हल्ली जैवकोळशाचे, म्हणजे बायोचारचे नाव ऐकू येते. काडीकचरा पुरेशी हवा न मिळू देता जाळला की राख न होता कोळसा होतो. या कोळशाला असंख्य बारीक छिद्रे असतात आणि त्याच्या पृष्ठभागावर धातूचे कण चिकटून बसतात. मुळांना ते सहजी मिळत नाहीत. कोळसा मातीत शेकडो वर्षे टिकतो. ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या काठी जुन्या लोकांनी कोळसा, हाडे आणि केरकचरा मिसळून केलेली काळी माती आजही सुपीक आहे.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. कोळसा धातू काढून टाकत नाही, तो त्याला जखडून ठेवतो. चोर घरातच असतो, फक्त खोलीत कोंडलेला. नदीचे घाण पाणी चालूच राहिले, तर रोज नवा चोर घरात येणार. शिवाय कोळसा मातीची आम्लता कमी करतो आणि त्यामुळेही धातू जखडले जातात. कोकणच्या आम्लधर्मी जमिनीत हा फायदा मोठा. आपली काळी जमीन मुळातच चुनखडीची, सामू आठच्या आसपास. तेथे हा फायदा कमी, छिद्रांचा तेवढा उरतो. आर्सेनिकच्या बाबतीत तर सामू वाढल्यास ते उलट मोकळे होऊ शकते.

आता हिशेब पाहू. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंचांत सुमारे नऊ लाख किलो माती असते. तिच्यात एक टक्का कोळसा मिसळायचा तर नऊ टन हवा. एक एकर उसाचे पाचट तीन-चार टन निघते आणि त्याचा कोळसा एक टनाच्या आसपास होतो. म्हणजे एका एकरासाठी नऊ एकरांचे पाचट! म्हणून सगळ्या रानाचा नाद सोडावा आणि घरच्या भाजीच्या दोन-तीन गुंठ्यांपासून सुरुवात करावी. एका गुंठ्याला सव्वादोनशे किलो पुरे.

पाचटाचा कोळसा करण्याची कला पुण्याला नवी नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने पाचट डब्यांत भरून भट्टीत कोळसा करण्याची रीत बसवली आणि तिला 2002 साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता, पण मातीसाठीही तशीच रीत चालते. भट्टी नसेल तर वर रुंद, खाली निमुळता खड्डा घ्यावा. तळाशी जाळ करून तुराट्या किंवा पऱ्हाट्या थराथराने टाकाव्यात. वरच्या थरावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर द्यावा. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवावे, नाहीतर सगळी राखच हाती येईल. कोळसा कुटून शेणकाल्यात वा कंपोस्टात पंधरा दिवस मुरवावा. कोरडाच घातला तर तो पिकाचे नत्र ओढून घेतो. मावळ-मुळशीकडे भाताच्या तुसाचाही कोळसा करता येतो. मात्र रंगवलेले लाकूड, प्लॅस्टिक आणि नदीतली जलपर्णी यांचा कोळसा मुळीच करू नये. जलपर्णी धातू शोषून घेते. तिचा कोळसा घालणे म्हणजे नदीतली घाण आपल्या हाताने शेतात आणणे.

तेव्हा क्रम असा धरावा. आधी पाणी बदलता येते का ते पाहावे. विहिरीचे वा बोअरचे पाणी तपासून ठीक निघाले, तर निदान भाजीला तेच द्यावे. मग माती तपासावी. 2015 पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात. त्यांत जस्त, तांबे, लोह येतात, पण शिसे आणि कॅडमियम नसतात. पत्रिका चांगली आहे म्हणून निर्धास्त राहू नये. जड धातूंची तपासणी प्रयोगशाळेत वेगळी सांगून करून घ्यावी लागते. चार-सहा शेजाऱ्यांनी मिळून नमुने दिले तर खर्च वाटला जातो. धातू जास्त निघाले तर त्या तुकड्यात पालेभाजी आणि चारा बंद करून झेंडू, शेवंती घ्यावी. पुण्याच्या बाजारात फुलांना गिऱ्हाईक आहेच. आणि या सगळ्याच्या जोडीला कोळसा.

थेऊरला चिंतामणीचे देऊळ आहे. थोरले माधवराव पेशवे 1772 साली येथेच वारले. देवळामागे नदी वळसा घेऊन संथ जाते. येथून ती भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. पुण्याने काय सोडले ते वाटेतल्या प्रत्येक गावाच्या रानाला सोसावे लागते. शहराने आपले पाणी स्वच्छ करूनच सोडले पाहिजे, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात लिहून वर पाठवावी आणि पाठपुरावा सोडू नये. कोळशाचा खड्डा मात्र कुणाची वाट न पाहता याच उन्हाळ्यात बांधाकडेला खणता येईल.