देगलूरची पाखरे आणि आमचे गाण्याचे शिबिर

देगलूरच्या बाजारात सौदा मराठीत ठरतो, पैसे दखनीत मोजले जातात आणि भांडण कधी कधी तेलुगूत होते. नांदेडपासून सुमारे ८० किलोमीटरवरचे हे गाव तेलंगणा आणि कर्नाटक दोन्हींच्या सीमेजवळ आहे. अशा ठिकाणी मे महिन्यात मुलांचे गाण्याचे शिबिर घ्यायचे तर कोणत्या भाषेत? आम्ही चौघा शिक्षकांनी ते उर्दू आणि मराठी दोन्हींत घेतले.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेनऊ. त्यानंतर वरचा पत्रा तापतो आणि गळाही सुकतो. मुले चाळीसेक, निम्मी उर्दू शाळेची, निम्मी मराठी. हम्द, नात, समूहगीते, पावसाची गाणी असा बेत होता. वाद्यांबद्दल काही घरांतून आधीच विचारणा झाली, म्हणून पेटी-तबला ठेवलाच नाही. एक डफ आणि मुलांचे गळे. आमच्या मते हे बरेच झाले. पेटी नसली की सूर कानाने शोधावा लागतो.

पण कान तयार नव्हते. दोन दिवस मुले नुसती ओरडत होती, आणि उर्दूवाली एका सतरंजीवर, मराठीवाली दुसऱ्या. तिसऱ्या दिवशी फजरनंतर सगळ्यांना लेंडी नदीकाठी नेले. उन्हाळ्यात नदी म्हणजे थोडी डबकी, पण पाखरांना तेवढे पुरते. खंड्या, ढोकरी, तारेवर बसलेले वेडे राघू. जमिनीत चोच खुपसणारा तुरेवाला हुदहुद दिसला, तेव्हा हजरत सुलैमान (अलै.) यांचा किस्सा मुलांनीच आम्हाला ऐकवला. नियम एकच होता: दहा मिनिटे गप्प बसायचे आणि जे ऐकू येईल ते नंतर गाऊन दाखवायचे.

आमराईतून पावशा ओरडू लागला. शेतकऱ्याचा एक मुलगा म्हणाला, “तो ‘पेरते व्हा’ म्हणतोय.” उर्दू शाळेतली एक मुलगी लगेच म्हणाली, “नहीं, ‘पी कहाँ’ बोल रहा है. हमारी दादी बोलती हैं, ये पपीहा है.” दोघेही खरे होते. मराठीतला पावशा आणि उर्दू-हिंदीतला पपीहा हा एकच पक्षी. एका भाषेने त्याच्या तोंडी पेरणीची हाक दिली, दुसरीने विरहाची. मुलांचा वाद मात्र थांबेना. मग दोन गट केले, एकाने ‘पेरते व्हा’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘पी कहाँ’, आणि तेही पावशासारखे, दर वेळी थोडे वर चढत. पावशा टिपेला पोचला की थांबतो आणि पुन्हा खालून सुरू करतो. दम कुठे घ्यायचा, सूर किती चढवायचा, हे आमच्या दोन दिवसांच्या सांगण्यापेक्षा त्या अर्ध्या तासात अधिक कळले. परतल्यावर सतरंज्यांची वाटणी कुणी पाळली नाही. (हाच गवई आपली अंडी मात्र सातभाईंच्या घरट्यात टाकतो, हे ऐकून मुले फार हसली.)

पक्ष्यांची गोष्ट निघाली की डॉ. सलीम अली यांचे नाव निघणारच. मुंबईच्या मुस्लिम घरातला, १८९६ साली जन्मलेला हा माणूस. १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, पत्नी तेहमिना सोबत होत्या. तेव्हा देगलूरही त्याच संस्थानात होते. त्याच्या थोडे आधी किहीमला त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला होता. खोपा विणतो तो नर, हे सांगितल्यावर मुली खूश आणि मुलगे गप्प! कोकिळेचेही तेच. ‘कुहू’ करणारा तो काळा नर, मादी ठिपक्यांची. उर्दू शायरीतला बुलबुलही आपल्या अंगणातला लालबुड्या नव्हे, तो इराणकडचा वेगळा पक्षी.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही अल्लामा इक्बाल यांची ‘परिंदे की फरियाद’ शिकवायला घेतली. मुलांसाठी लिहिलेली, पिंजऱ्यातल्या पाखराची ही नज्म ‘बांग-ए-दरा’ या संग्रहात आहे. सातवीतला एक चांगल्या गळ्याचा मुलगा मध्येच गायचा थांबला. त्याच्या घरी पिंजऱ्यात मिठ्ठू होता.

आम्ही त्याच्या घरी गेलो. देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, हे बऱ्याच घरांना ठाऊकच नसते. दादींनाही नव्हते. त्यांचा मुलगा सौदीला असतो आणि मिठ्ठू दिवसभर त्याचेच नाव घेतो. “इसको छोड दिया तो घर में बोलेगा कौन?” त्यांनी विचारले. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी एकदम सोडला तर कावळे-मांजरे त्याला जगू देत नाहीत, हेही खरे. म्हणून वनविभागाकडे देण्याचा मार्ग आम्ही समजावून सांगितला. दादींनी चहा दिला, उत्तर दिले नाही.

शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम झाला. नज्म त्याच मुलाने म्हटली, आणि दादी पहिल्या रांगेत होत्या. निघताना म्हणाल्या की ह्याच्यानंतर दुसरा आणणार नाही. नातू शेजारीच उभा होता. त्याचे तेवढ्याने समाधान झालेले दिसले नाही.