आम्ही गिअरबॉक्स उतरवितो

एखादी विद्या अंगी नसली, तरी ती आपल्याला सहज साधेल असा विश्वास मनुष्याच्या ठायी पुष्कळ असतो. आमच्या ठायी तो किती आहे, याची मोजदाद एका जुन्या जीपगाडीने करून दिली. ती हकीकत विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. हसू आल्यास हसावे. परंतु शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

ही जीप आमचे तीर्थरूप आण्णा यांची. उमेदीच्या काळात ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात फिटर होते. पुढे त्यांनी सांगलीस पंपदुरुस्तीचा धंदा मांडला आणि १९६७ सालची, उंच बॉनेटची महिंद्र जीप जुनीच विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी जन्मास आलेली ही जात १९४७ सालानंतर मुंबईस जुळविली जाऊ लागली. तोफा ओढणाऱ्या कुळातील ही गाडी आमच्याकडे कृष्णाकाठच्या मळ्यांतून पंप, ऊस आणि प्रसंगी लग्नाचे वऱ्हाडही वाहू लागली.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेला महापूर आला आणि पाणी सांगलीच्या वस्त्यांत शिरले. घरची माणसे वेळीच बाहेर पडली. जीप मात्र कित्येक दिवस पाण्यात उभी राहिली. पूर ओसरल्यावर आण्णा म्हणाले, "भंगारात देऊन टाक." हे सांगताना त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. तेव्हाच आम्ही मनाशी निश्चय केला आणि गाडी टेंपोवर चढवून आष्टा, पेठ नाका, कराड या मार्गे सव्वाशे किलोमीटरांवरील साताऱ्यास, आमच्या अंगणात आणली.

एका मिस्त्रींनी इंजिन चालू करून दिले. पण गाडी गिअरमध्ये पडेना. क्लच हा इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील मध्यस्थ होय. पायाने दाबताच त्याने दोघांना क्षणभर विलग करावे, हा त्याचा धर्म. आमच्या मध्यस्थाची प्लेट पुराच्या पाण्याने गंजून फ्लायव्हीलला चिकटून बसली होती. तिच्यापर्यंत पोहोचावयाचे, तर आधी गिअरबॉक्स उतरविणे भाग. जीपमध्ये त्याच्या पाठीशी आणखी एक पेटी जोडलेली असते. पुढच्या व मागच्या चाकांस शक्ती वाटून देणे हे तिचे काम. दोन्ही मिळून लोखंडाचा एकच गड्डा खाली येतो. १९४९ साली साताऱ्यापासून दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्या विभागणीसही एवढे सायास पडले नसतील!

दिवाळीच्या सुटीत आम्ही व नववीत शिकणारे आमचे चिरंजीव कामास लागलो. आरंभ शास्त्रशुद्ध झाला. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता चारी बाजूंस भक्कम लाकडी ठोकळे दिले. बॅटरीची तार सोडली. तेल काढले, ते पाणी मिसळून ताकासारखे पांढरे झाले होते. तळाचा पत्रा व गिअरचे दांडे काढले. पुढचा व मागचा असे दोन्ही शाफ्ट सोडण्यापूर्वी, ते पुन्हा होते तसेच बसावेत म्हणून, जोडांवर रंगाच्या खुणा केल्या. इंजिनाचे मागचे टोक खाली झुकू नये म्हणून त्याखाली फळी देऊन जॅक लावला. इतके सुरळीत झाल्यावर आमच्या अंगी गर्व शिरला. गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक हवा होता. तो आणण्यास पोवई नाक्यापर्यंत जावे लागले असते. आम्ही म्हणालो, "कशाला? आपण दोघे आहोत की!"

आडवी पट्टी काढली. चार बोल्टांपैकी तीन सुटले. चौथा सुटताच तो गड्डा चार बोटे मागे सरकला, कलला आणि आमच्या छातीवर आला. पुढचे टोक अजून क्लचमध्ये अडकले होते, म्हणूनच तो पुरता कोसळला नाही. आम्ही दोन्ही हातांनी तोलून धरला. इतक्यात अगदी हलक्या आवाजात शब्द आले, "बाबा, माझा हात."

तो ओरडला असता, तर आम्ही इतके भ्यालो नसतो. लोखंडी चौकट व गिअरबॉक्स यांच्यामध्ये त्याची बोटे होती. गुडघे टेकवून, सगळा जीव एकवटून आम्ही ते धूड अंगुळभर वर रेटले. हात निघाला. कातडी सोलली होती. बोटे शाबूत होती. आता आम्हांस ना धरवत होते, ना सोडवत होते. हाका ऐकून सौ. धावत आली. तिने एक शब्दही न बोलता घरातील जेवणाचे पाट आणले आणि एकावर एक असे गिअरबॉक्सखाली सरकविले. पाचव्या पाटावर ते ओझे टेकले आणि आम्ही सरपटत बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी आण्णा एस. टी. ने सांगलीहून आले. वय वर्षे एक्याऐंशी. प्रथम त्यांनी नातवाचा हात हाती घेऊन बराच वेळ निरखला. मग पाटांची ती उतरंड पाहिली आणि म्हणाले, "सूनबाईला कळलं, ते तुला कळलं नाही. लोखंड उचलायचं नसतं रे. ते कुठं टेकणार, हे आधी ठरवायचं; मग शेवटचा बोल्ट सोडायचा."

अंगणात खुर्ची टाकून, काठीने खुणा करीत त्यांनी काम करविले. दुसरा जॅक आणविला, त्यावर फळ्यांचा पाळणा केला, गिअरबॉक्स त्यात दोरीने बांधविला. मग तो सरळ रेषेत मागे घेऊन थोडा थोडा उतरविला. ज्या ओझ्याने आमचा श्वास कोंडला होता, ते आता एका दांडीच्या हालचालीने निमूटपणे खाली आले. क्लचची प्लेट नवी घातली. पुन्हा चढविताना आण्णांनी दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते वरच्या भोकांत बसविले. त्या दोन खुंट्यांवरून गिअरबॉक्स रुळावरील डब्यासारखा आत सरकला.

त्या सायंकाळी आण्णा स्वतः चालकाच्या जागी बसले. पहिला गिअर पडला. नातू शेजारी होता. आम्हांस मागची जागा मिळाली आणि ती योग्यच होती. पोवई नाक्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत कोणी काही बोलले नाही.

चिरंजीवांच्या बोटांवर अद्याप एक पांढरा व्रण आहे. तो त्यांच्या हातावर असला, तरी चूक आमची होती. विद्यार्थिमित्रहो, मोठे काम अंगावर घेण्यास भिऊ नका. परंतु शेवटचा बोल्ट सोडण्यापूर्वी कोणाचा हात कोठे आहे, एवढे अवश्य पाहा. पालकांस आम्ही काय सांगावे? जॅक आणावयास नाक्यापर्यंत जावे, एवढेच.