कोपऱ्यातलं मक्याचं पोतं

भोकरदन, भाऊबीज

प्रिय सुमे,

तुझ्याकडे आता हुडहुडी भरत असेल, इथे अजून दुपारी पंखा लागतो. दिवाळीची खबरबात कळव म्हणालीस, तर ऐक. यंदा आमच्याकडे भांडण झालं, आणि तेही मक्यावरून.

पाडव्याच्या रात्री जेवणं उरकली की आमच्यात तीनपत्ती बसते. पैसे लावायचे नाहीत, हा आजेसासूबाईंच्या वेळचा दंडक. दरवर्षी चिंचोके असतात. यंदा ते सापडेनात, म्हणून माणशी पन्नास मक्याचे दाणे वाटले. आणि बसलो कुठे? मोंढ्यावर न्यायची पोती रचलेल्या खोलीत!

एका डावात बाकीचे पॅक झालो. उरले दाजी आणि माझी धाकटी जाऊ. दाजींनी पत्ते पाहिलेले, हिचे पालथेच. ब्लाइंडने दोन टाकले की पाहिलेल्याला चार. ही निवांत वाढवत होती, दाजी दुप्पट भरत होते. शेवटी त्यांनी शो मागितला. सासूबाई म्हणाल्या, "ब्लाइंडला शो मागता येत नाही जावईबापू. चाल द्या, नाहीतर पॅक." माझ्या माहेरी हे चालतं, पण इथे माहेर कोण विचारतो!

धाकटीने आठ टाकले. म्हणजे दाजींना सोळा हवेत आणि पुढ्यात उरलेले सहा. त्यांनी शांतपणे मागे हात नेला, पोत्याची सुतळी सैल केली आणि ओंजळभर मका पुढ्यात ओतला.

"हे काय?" धाकटी उसळली.

"काहून? घरचाच मका हाय ना!"

जावयाला बोलणार कोण? पुण्यात शिकणारा थोरल्यांचा मुलगा पुढे झाला. पोकरमध्ये म्हणे, डाव सुरू होताना पुढ्यात असेल तेवढंच लावायचं, मध्येच खिशात हात घालायचा नाही. कमी पडलं तर उरलेलं सगळं लावायचं आणि तेवढ्यापुरते पत्ते उघडायचे. "पाहिलेल्याचे सहा म्हणजे ब्लाइंडचे तीन. काकूचे पाच परत."

मला हा नियम फार पटला. युधिष्ठिराला कोणी तो घातला असता तर! तिथेही घोडं नियमावरच अडलं होतं. आधी स्वतःलाच हरलेला माणूस बायकोला पणाला लावू शकतो का, या द्रौपदीच्या प्रश्नाला भीष्मांनासुद्धा सरळ उत्तर देता आलं नाही. कौरवांतला एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलला.

आमच्याकडे वकील भाऊजी बोलले. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30, पैजेचा करार रद्दबातल, तेव्हा कोर्टात जाऊ नका. वर आणखी, 1967 साली सुप्रीम कोर्टाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं आणि तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा.

"नशिबाचा?" धाकटी म्हणाली. "पत्ते न बघता दाजींना घाम फोडला, ते नशीब का?"

पत्ते उघडले. दाजींकडे राजाची जोड. धाकटीकडे सत्ती, पंजी, तिर्री, तीही तीन रंगांची. रास दाजींनी ओढली. पण ओंजळीतले दाणे त्यात कधी मिसळले कोणाला कळलं नाही, आणि मोजायला कोणी तयार होईना. सासूबाईंनी सगळंच पोत्यात ओतलं आणि सुतळी आवळली. आज सकाळी पोती मोंढ्यावर गेली.

दाजी अजून म्हणतात, माझे दाणे देणं लागता.

तुझी,
कुंदा